१४ जहाजांच्या ताफ्यासाठी इंधन मोजणी: पुरवठादार निवडताना काय तपासावं?

पाणसाळ

नमस्कार मंडळी,

१४ जहाजांवर इंधन मोजणीची यंत्रणा बसवायची आहे. त्यात ७ हार्बर टग (बंदरात जहाजं ओढणाऱ्या बोटी; प्रत्येकी दोन मुख्य इंजिनं, दोन जनरेटर, सगळं डिझेलवर), ४ ऑफशोअर सप्लाय बोटी आणि जड तेल व डिझेल दोन्हीवर चालणारी ३ मालवाहू जहाजं आहेत. सध्या रोजचं साउंडिंग (टाकीतल्या तेलाची पातळी हाताने मोजणं), नून रिपोर्ट (दुपारी बाराचा रोजचा अहवाल) आणि बंकरच्या, म्हणजे जहाजात भरलेल्या इंधनाच्या, पावत्या यांवर हिशेब चालतो. महिनाअखेर ३ ते ५ टक्क्यांची तफावत येते आणि ती कुठे गेली हे कुणालाच सांगता येत नाही.

तीन प्रस्ताव हातात आहेत.

अ: फक्त टाक्यांत लेव्हल सेन्सर, किनाऱ्यावर डॅशबोर्ड. सगळ्यात स्वस्त.
ब: प्रत्येक इंजिनाच्या सप्लाय आणि रिटर्न लाइनवर ओव्हल गिअरचे मीटर (आतले लंबगोल गिअर फिरवत तेलाचं आकारमान मोजणारे), अचूकता ०.५ टक्के. खर्च साधारण अच्या दुप्पट.
क: सगळीकडे कोरिऑलिस मीटर (कंप पावणाऱ्या नळीतून जाणाऱ्या तेलाचं वस्तुमान मोजणारे), अचूकता ०.१ टक्के. खर्च बच्या अडीच पट.

तिघांचेही डॅशबोर्ड देखणे आहेत आणि तिघंही इंधन बचतीची हमी देतात. निवड कशावर करावी?

---

काळंतेल

डॅशबोर्ड बाजूला ठेवा. मीटर पाइपात नेमका कुठे बसणार, हे तिघांकडून तुमच्या पाइपिंग ड्रॉइंगवर खूण करून घ्या. जो ड्रॉइंग न मागता दर देतो त्याला तुमचं जहाज कळलेलं नाही.

टगचंच घ्या. सप्लाय उणे रिटर्न म्हणजे जळालेलं इंधन, असं ब म्हणतो. कागदावर बरोबर आहे. आता आकडे टाकून बघा. सप्लाय ताशी ४०० लिटर, इंधनाचं तापमान ३५ अंश. इंजिन ताशी १०० लिटर जाळतंय, उरलेलं ३०० परत येतं, पण इंजिनातून फिरून ६० अंशांवर. डिझेल दर अंशाला साधारण ०.०००८३ पट फुगतं, म्हणजे २५ अंशांना २ टक्क्यांहून थोडं जास्त. ते ३०० लिटर रिटर्न मीटरला ३०६ दिसतात. पडद्यावर खप ९४. सहा टक्के इंधन हवेत गेलं.

हेच इंजिन आयडलवर असताना बघा, कारण टगचे बरेच तास तिथेच जातात. खरा खप १५ लिटर, रिटर्न ३८५. फुगल्यावर ३९३. पडद्यावर ७. खप निम्म्याहून कमी दिसतो आणि बंकरच्या पावत्यांशी ताळा बसत नाही. मग संशय कुणावर जातो ते सांगायला नको.

तापमानाची दुरुस्ती केली तरी अचूकतेचा प्रश्न राहतोच. ०.५ टक्के म्हणजे ४०० वर २ लिटर आणि ३८५ वर १.९. दोन्ही उलट्या दिशेने चुकले तर १५ लिटरवर जवळपास ४ लिटर, म्हणजे २६ टक्के. कोरिऑलिसच्या जोडीत तीच चूक ०.८ लिटर, म्हणजे ५ टक्के. त्यामुळे मीटरची अचूकता किती हे विचारू नका. "माझ्या इंजिनाच्या आयडल, ५० टक्के आणि ८५ टक्के लोडवर निव्वळ खपातली चूक किती?" असं विचारा, आणि उत्तर गणितासकट लेखी घ्या.

मालवाहू जहाजांवर हा प्रश्न सोपा आहे, तिथे रिटर्न मोजायचंच नाही. बूस्टर सर्किटमध्ये (इंजिनाला दाबाने तेल पुरवणाऱ्या फिरत्या मार्गात) खपाच्या तिप्पट-चौपट तेल फिरत असतं. सर्व्हिस टँक (रोजच्या वापराची टाकी) आणि मिक्सिंग कॉलम (टाकीतलं आणि इंजिनातून परतलेलं तेल मिसळतं ते भांडं) यांच्या मधल्या पाइपात एकच मीटर बसवा. कॉलमपुढे जेवढं जळतं तेवढंच त्या मीटरमधून जातं. शिवाय तिथे तापमान ८०-९० अंश असतं, इंजिनाजवळ १३०-१५०, त्यामुळे मीटरही साधा चालतो.

पण दोन पळवाटा बंद करायला हव्यात. एक, मिक्सिंग कॉलममधून सर्व्हिस टँककडे परत जाणारा व्हॉल्व्ह. जड तेलावरून डिझेलवर जाताना तो उघडतात आणि बंद करायचं राहून जातं. मग तेच तेल मीटरमधून पुन्हा पुन्हा मोजलं जातं. तिथे व्हॉल्व्हची स्थिती सांगणारा स्विच हवा. दुसरी, ऑटोफिल्टरचं बॅकफ्लश (उलट्या प्रवाहाने स्वतःला धुणं). ते मीटरच्या पुढे असेल तर स्लजमध्ये (टाकाऊ गाळात) गेलेलं तेलही "जळालं" म्हणून मोजलं जाईल.

---

नटबोल्ट

काळंतेल यांनी जागा सांगितली, आता बसवण्यातल्या चुका. या यंत्रणांची अर्धी बदनामी खराब फिटिंगमुळे होते.

ओव्हल गिअरमध्ये फिरते भाग आहेत. आत कण अडकला की गिअर थांबतो आणि इंजिनाचं इंधनही थांबतं. धक्क्याला जहाज लावताना टगचं इंजिन बंद पडलं तर काय होईल याचा विचार करा. म्हणून मीटरच्या आधी गाळणी आणि बाजूने बायपास हवाच. बायपासच्या व्हॉल्व्हला नंबर असलेलं सील लावा आणि सील तोडल्याची नोंद लॉगबुकात करायला लावा. सील नसेल तर तो व्हॉल्व्ह कधीतरी "थोडासा" उघडा राहतो आणि मीटर महिनाभर कमी दाखवतो.

जे इंजेक्शन पंप इंधनाला धक्के देतात त्यांच्या लाइनवर गिअर पुढे-मागे डुलतो. एकाच पल्स सेन्सरच्या मीटरला दिशा कळत नाही, त्यामुळे मागे आलेलं तेलही तो पुढे गेलेलं म्हणून मोजतो. दिशा ओळखणारे दोन सेन्सर मागा, शिवाय नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा डँपर.

रिटर्न लाइनवर मीटर बसवला की बॅकप्रेशर वाढतं. इंजिन बनवणाऱ्याने त्याची कमाल मर्यादा दिलेली असते, सप्लायच्या ओढीचीही असते. मीटर, गाळणी आणि नवी वळणं धरून एकूण दाबघट किती, हे पुरवठादाराने थंड इंधनासाठी काढून द्यावं. गरम इंधनाचा आकडा नेहमीच छान दिसतो. गाळणी अर्धी तुंबल्यावरचाही आकडा मागा.

लहान वेगवान इंजिनांच्या रिटर्नमध्ये हवेचे बुडबुडे असतात. ओव्हल गिअर हवाही तेल म्हणून मोजतो आणि कोरिऑलिसची नळी बुडबुड्यांनी गोंधळते. रिटर्न मीटरच्या आधी हवा काढणारं भांडं नसेल तर ०.१ टक्का विसरा.

कोरिऑलिस बसवताना झिरो नीट घेतला पाहिजे: नळी पूर्ण भरलेली, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, इंधन नेहमीच्या तापमानाला. थंड इंजिनावर, अर्ध्या भरलेल्या नळीत झिरो घेऊन "कमिशनिंग झालं" म्हणून सही घेणारे लोक असतात. मीटरचा आधार बल्कहेडवर (जहाजाच्या आतल्या भिंतीवर) किंवा भक्कम ब्रॅकेटवर घ्या, इंजिनावर किंवा पंपाच्या बेडवर नाही.

शेवटचं, क्लास (जहाज तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था). इंधनाच्या पाइपात बदल म्हणजे क्लासची मंजुरी, हॉट वर्कचा (वेल्डिंगसारख्या कामाचा) परवाना, प्रेशर टेस्ट आणि फ्लँजवर फवारा अडवणारी कव्हरं. हे काम कोण करणार ते प्रस्तावात लिहिलेलं नसेल तर ते तुमच्याच गळ्यात येणार.

---

पाणसाळ

डोळे उघडले. आयडलचं गणित तिन्ही पुरवठादारांना पाठवलं. बचं उत्तर आलं: "आमच्या मीटरला तापमान सेन्सर आहे, दुरुस्ती आपोआप होते." क गप्प आहे. अ म्हणतो की मीटर हवेतच कशाला.

दोन शंका. सातपैकी चार टगची इंजिनं इलेक्ट्रॉनिक आहेत, त्यांच्या ईसीयूमध्ये (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात) खपाचा आकडा मिळतो. मग तिथे मीटर घालायचा का? आणि लेव्हल सेन्सर अगदीच टाकाऊ आहेत का?

---

दीपस्तंभ

आधी ईसीयू. जे१९३९ वर (इंजिनाच्या डेटा जाळ्याचं प्रमाण) पीजीएन, म्हणजे संदेश क्रमांक, ६५२६६; त्यात एसपीएन, म्हणजे आकड्याचा क्रमांक, १८३ हा ताशी खप, पायरी ०.०५ लिटरची. आकडा मस्त सुळसुळीत दिसतो. पण तो मोजलेला नसतो. इंजेक्टर किती वेळ उघडा होता आणि रेलमध्ये दाब किती होता यावरून काढलेला असतो. नव्या इंजिनावर तो चांगलाच जुळतो. इंजेक्टर झिजले, नोझलची भोकं मोठी झाली की तेल जास्त जातं, पण ईसीयूला ते कळत नाही. म्हणजे ज्या बिघाडासाठी मोजणी हवी, नेमका तोच बिघाड त्याला दिसत नाही.

तरी तो आकडा फेकू नका. चार टगवर ईसीयूचा आकडा आणि लोड टक्केवारी फक्त वाचा, ती वायर फारशी महाग नसते. मग त्यांतल्या एका टगवर खरा मीटर बसवून दोन्हींतला फरक बघा. फरक स्थिर असेल तर बाकी तिघांना तूर्त मीटरची गरज नाही. इंजिन बनवणाऱ्याची परवानगी मात्र घ्या आणि जोडणी फक्त ऐकणारी ठेवा. बाहेरच्या खोक्याने इंजिनाच्या डेटा जाळ्यावर काही पाठवायचं नाही.

बच्या उत्तराबद्दल. तापमान सेन्सर प्रत्येक मीटरला आहे की सप्लाय-रिटर्न मिळून एकच? दुरुस्ती १५ अंशांच्या प्रमाण तापमानाला नेते का? घनता कुठून घेते, हाताने भरलेली की प्रत्येक बंकरनंतर बदलायची? हे तीन प्रश्न विचारा. घनता हाताने भरायची असेल तर ती वर्षभर तशीच राहते. २०० घनमीटर जड तेलासाठी घनमीटरला ९९१ ऐवजी ९८५ किलो धरली की हिशेबात १.२ टनांचा फरक पडतो.

लेव्हल सेन्सर टाकाऊ नाहीत, त्यांचं काम वेगळं आहे. ते साठा सांगतात, खप नाही. १० चौरस मीटरच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे १०० लिटर, आणि समुद्रात जहाज डोलत असताना १ सेंटिमीटर ही चूक म्हणायचीही नाही. पण बंदरात शांत पाण्यात, ट्रिम आणि लिस्टची (जहाजाच्या पुढे-मागे आणि बाजूला कलण्याची) दुरुस्ती करून, बंकर घेण्याआधी आणि घेतल्यावर त्यांचं रीडिंग मोलाचं असतं. रात्री इंजिनं बंद असताना टाकी उतरत असेल तर ते फक्त त्यांनाच दिसतं. ड्रेनमधून काढलेलं तेल फ्लो मीटरपर्यंत पोचतच नाही.

म्हणून ताळा तिघांत बसवायचा: बंकर, टाकी, मीटर. तुमची ३ ते ५ टक्के तफावत या तिघांतल्या कुठल्या जोडीत आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

नियमांचंही बघून घ्या. आयएमओची (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची) इंधन नोंद (डीसीएस) २०१९ पासून आहे, ५००० ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांना. त्यासाठी बंकर पावत्या, फ्लो मीटर किंवा टाकी मोजणी, तिन्ही पद्धती चालतात. म्हणजे नियमासाठी मीटर घ्यावाच लागतो असं नाही, पुरवठादार तसं भासवतात. युरोपीय बंदरांत जाणारी जहाजं असतील तर तिथल्या एमआरव्हीत (उत्सर्जन मोजून कळवण्याच्या नियमात) २०२५ पासून ४०० ते ५००० टनांची साधी मालवाहू आणि ऑफशोअर जहाजंही आली आहेत, त्यामुळे तुमच्या सप्लाय बोटींचं टनेज तपासा. अहवाल त्या साच्यात निघतो का, डिझेलसाठी ३.२०६ आणि जड तेलासाठी ३.११४ हे कार्बनचे गुणांक (एक टन इंधनामागे किती टन कार्बन डायऑक्साइड) इंधनागणिक वेगळे लागतात का, हे डेमोत करून दाखवायला सांगा.

---

काळंतेल

दीपस्तंभ, ईसीयूबद्दल सहमत, पण "फरक स्थिर असेल तर मीटर नको" हे घाईचं वाटतं. एका टगवरचा फरक दुसऱ्याच्या इंजेक्टरांना लागू होत नाही. मी तरी प्रत्येक टगवर पाइपात फ्लँज लावलेला एक रिकामा तुकडा आत्ताच बसवून घेतला असता. ड्रायडॉकमध्ये हे काम फुकटात पडतं आणि नंतर मीटर टाकायला दोन तास पुरतात.

पाणसाळ, ज्या तीन टगवर जुनी मेकॅनिकल इंजिनं आहेत तिथे आणखी एक मार्ग आहे. रिटर्न टाकीत न सोडता एका छोट्या भांड्यात आणून कूलरमधून परत सप्लायला जोडायचं, आणि भांड्यात टाकीतून भर पडते तेवढीच एका मीटरने मोजायची. रिटर्नची झंझट संपते आणि साधा ओव्हल गिअरही चांगलं काम देतो, कारण आता ०.५ टक्के थेट खपावर लागतात. कूलर मात्र हवाच. तेच तेल फिरत राहतं आणि तापत जातं. गरम डिझेल पातळ होतं, पॉवर घटते, पंपाला वंगण मिळत नाही. इंजिन बनवणाऱ्याची लेखी संमती नसेल तर या वाटेला जाऊ नका.

---

हिशेबनीस

यंत्राची चर्चा छान झाली, पण ताफ्याचे पैसे बुडतात ते कंत्राटात. मुद्दे क्रमाने नाहीत, आठवतील तसे लिहितो.

डेटा कोणाचा? कच्चा डेटा, म्हणजे दर सेकंदाचे पल्स आणि तापमान जहाजावरच्या खोक्यात किती दिवस राहतं, आणि कंत्राट संपल्यावर तो सीएसव्हीत मिळतो का? काहीजण फक्त १५ मिनिटांची सरासरी किनाऱ्यावर पाठवतात आणि मूळ आकडे पुसतात. वाद झाला की सरासरीवर काहीच सिद्ध करता येत नाही.

मीटरचं आउटपुट उघडं हवं. मॉडबस, पल्स, ४-२० मिलिअँप, काहीही चालेल, पण उद्या पुरवठादार बदलला तर मीटर तोच ठेवून फक्त वरचा खोका बदलता आला पाहिजे. मीटर त्याचाच, खोका त्याचाच आणि प्रोटोकॉलही बंद, अशा ठिकाणी तुम्ही ग्राहक राहत नाही, भाडेकरू होता.

नेटवर्क गेलं तर? ऑफशोअर बोटी कित्येक दिवस मोबाइल टप्प्याबाहेर असतात. खोक्याने डेटा साठवून नंतर वेळेच्या शिक्क्यासकट पाठवला पाहिजे. डेमोत अँटेना काढायला सांगा, सहा तासांनी परत लावा, आणि आलेख सलग येतो का ते बघा. खोक्याचा वीजपुरवठाही एकदा तोडून बघा. काहींची मोजणी शून्यापासून सुरू होते.

सुटे भाग कुठे आहेत आणि किती दिवसांत येतील? कॅलिब्रेशन आयएसओ १७०२५ मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं आहे का? मीटर कॅलिब्रेशनला गेला की बदली मीटर मिळणार का, की दोन महिने पाइपाला टोपण लावून बसायचं?

सायबरचंही नीट बघा. आयएमओच्या ठरावाप्रमाणे सायबर धोका जहाजाच्या सुरक्षा व्यवस्थापनात घ्यावाच लागतो. पुरवठादार दूरवरून खोक्यात शिरू शकत असेल तर कोण, कधी, कुणाच्या परवानगीने, याची नोंद हवी. मोजणीचं जाळं नेव्हिगेशन आणि अलार्मच्या जाळ्यापासून वेगळं.

आता ती बचतीची हमी. मीटर इंधन वाचवत नाही. वाचवतो तो कॅप्टन, वेग कमी करून. इंजिनाला लागणारी पॉवर ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते. वेग १० टक्के उतरवला तर ताशी खप २७ टक्के आणि मैलामागे १९ टक्के उतरतो, मीटर कुणाचाही असो. त्यामुळे "१० टक्के बचतीची हमी" म्हणणाऱ्याला विचारा: कशाच्या तुलनेत, कोणत्या हवामानात, किती भारावर? शाफ्ट पॉवर मोजलेली नसेल तर खप वाढला तो इंजिनामुळे की हलवर (जहाजाच्या पाण्याखालच्या अंगावर) साचलेल्या शेवाळामुळे, हे सांगताच येत नाही. निदान तीन मालवाहू जहाजांवर टॉर्क मीटर (शाफ्टचा पीळ मोजणारा) जोडण्याची सोय प्रस्तावात ठेवा, म्हणजे किलोवॉट-तासामागे किती ग्रॅम हा आकडा मिळेल.

आणि १४ जहाजांची ऑर्डर एकदम देऊ नका. एक टग, एक मालवाहू, ९० दिवस. पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता स्वीकृती चाचणीनंतर.

---

पाणसाळ

स्वीकृती चाचणी नेमकी कशी घ्यायची? पुरवठादार म्हणतो, "साउंडिंगशी १ टक्क्यात जुळेल असं लिहून देतो."

---

नटबोल्ट

तो १ टक्का साउंडिंगलाच जमत नाही. टगचा डे टँक (रोजच्या वापराची टाकी) घ्या, वरून २ चौरस मीटर, म्हणजे १ मिलिमीटरला २ लिटर. ताशी १०० लिटर खपाने ५ तास चालवा, ट्रान्सफर पंप बंद, प्युरिफायर बंद, इतर इंजिनांचे व्हॉल्व्ह बंद. ५०० लिटर उतरले म्हणजे २५० मिलिमीटर. सुरुवातीला आणि शेवटी २-२ मिलिमीटर चुकलात तर ८ लिटर, म्हणजे १.६ टक्के. करारात २ टक्के लिहा, सरळ आणि प्रामाणिक. वेळ दुप्पट केलीत तर चूक निम्मी होते, टाकी पुरत असेल तर तसंच करा.

चाचणी धक्क्याला बांधून, शांत पाण्यात. टाकीतलं तापमान दोन्ही वेळा लिहा. रिटर्न त्याच टाकीत येत असेल तर पाच तासांत टाकी तापते आणि इंधन फुगतं, ती दुरुस्ती केली नाही तर मीटर बरोबर असूनही नापास होईल. टाकीत ८०० लिटर उरलेत आणि १० अंश वाढलेत, तर फुगून साडेसहा लिटर जास्त दिसतील.

आणि एक चाचणी फक्त लोडवर घेऊ नका. दुसरी आयडलवर घ्या, निदान १० तासांची. ताशी १५ लिटरने १५० लिटरच उतरतात, तिथे ८ लिटर म्हणजे ५ टक्क्यांहून जास्त, त्यामुळे मर्यादा ६ टक्के ठेवा. बचा मीटर तिथे ७ दाखवतो की १५, हे कळायला ६ टक्के भरपूर झाले.

---

पाणसाळ

ब आणि क दोघांना हीच चाचणी पाठवतोय, आधी आयडलची. अकडून फक्त बंकर टाक्यांच्या सेन्सरचा वेगळा दर मागवला आहे. तीन मेकॅनिकल टगच्या इंजिनवाल्यांना भांडं आणि कूलरच्या जोडणीबद्दल आज पत्र गेलं, उत्तर आलं की इथे टाकतो.